नाईलची होडी आणि कोकणचे गलबत : एक तौलनिक अभ्यास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आपण राजांची नावे, लढायांची वर्षे आणि तहांची कलमे पाठ करतो. राजाने आरमार उभारले, राणीने जहाजे पाठविली, व्यापाऱ्यांनी समुद्र ओलांडला, अशी वाक्ये पानोपानी भेटतात. परंतु ते जहाज कोणी तासले, त्याची फळी फळीला कशी जोडली, लाकूड कोठून आणले, या प्रश्नांना बहुधा एक ओळही मिळत नाही. प्रस्तुत लेखात प्राचीन इजिप्तमधील नौकाबांधणी आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील नौकाबांधणी यांचा शेजारी शेजारी ठेवून विचार करण्याचे योजिले आहे. विषय दूरचा वाटेल. कराडसारख्या घाटावरच्या गावात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असेही कोणी म्हणेल. पण या विषयाचा एक धागा थेट कराडपर्यंत येऊन पोहोचतो, हे पुढे दिसून येईल.

इजिप्तला नाईलची देणगी म्हणतात. या देणगीतील सर्वांत मोठा भाग कोणता, तर माझ्या मते वाहतुकीची सोय. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि त्या देशात वारा बहुतेक काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे उत्तरेला जायचे तर प्रवाहावर होडी सोडून द्यावी आणि दक्षिणेला जायचे तर शीड उभारावे. इजिप्तच्या चित्रलिपीतसुद्धा दक्षिणेकडे जाणे दाखविताना शीड उभारलेली नौका काढीत आणि उत्तरेकडे जाणे दाखविताना शीड उतरविलेली नौका काढीत. ज्या देशाच्या लिपीत दिशादेखील होडीने दाखवितात, त्या देशाच्या जीवनात होडीचे स्थान काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या कृष्णामाईकडे पाहू. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पुढे पूर्वेची वाट धरतात. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणारी ही नदी उन्हाळ्यात खडक उघडे टाकते. येथे नाईलसारखी बारमाही जलवाहतूक वाढणे शक्य नव्हते. आपल्याकडे नदी हा रस्ता नव्हता, तर तो रस्त्यातील अडथळा होता. म्हणून येथे नावाडी झाला तो मुख्यतः ऐलतीराहून पैलतीराला नेणारा. दूरची वाहतूक बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर राहिली. तरीही गरज पडली की माणूस तरंगण्याचे साधन शोधतोच. भोपळ्यांची सांगड बांधून नदी उतरणे आपल्याकडे जुनेच आहे आणि महापुरात गुळाच्या गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडून माणसे वाचविल्याचे कृष्णाकाठी अनेकांना ठाऊक आहे. इजिप्तमधील पहिल्या होड्याही अशाच हाताशी असलेल्या वस्तूंच्या होत्या. नाईलच्या दलदलीत उगवणाऱ्या पपायरस या लव्हाळ्याच्या पेंढ्या घट्ट आवळून ते तराफे करीत. ज्या लव्हाळ्यापासून त्यांनी कागद केला, त्याच लव्हाळ्यापासून त्यांनी आधी होडी केली होती.

लव्हाळ्याकडून लाकडाकडे वळताना इजिप्तच्या सुतारापुढे मोठी अडचण उभी राहिली. त्या देशात उंच, सरळ वाढणारी झाडे फार थोडी. जे लाकूड मिळे ते प्रामुख्याने बाभळीचे. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. वनस्पतिशास्त्रात आपल्या बाभळीच्या नावापुढे ‘निलोटिका’ असा शब्द लागतो. त्याचा अर्थ नाईलकाठची. आपल्या शिवारातील बांधावरची बाभूळ आणि नाईलकाठची बाभूळ ही एकाच जातीची झाडे आहेत. माझे आजोबा सुतारकाम करीत. गाडीचे चाक आणि नांगर यांसाठी ते बाभूळच पसंत करीत, कारण ती चिवट असते आणि लवकर झिजत नाही. पण बाभळीची लांब, सरळ फळी निघत नाही, हे कोणताही सुतार सांगेल. इजिप्तच्या सुताराने या दोषावर तोड काढली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इ. स. पू. पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे की, तेथील लोक बाभळीच्या सुमारे दोन हात लांबीच्या फळ्या तोडून त्या विटांसारख्या एकावर एक रचतात, लांब खुंट्यांनी जोडतात आणि आतून सांध्यांत पपायरस भरतात. हे वर्णन पुष्कळ दिवस विद्वानांना कोड्यासारखे वाटे. अलेक्झांड्रियाजवळच्या समुद्रात बुडालेल्या थोनिस-हेराक्लियन या बंदरात अशाच बांधणीची एक नौका सापडली आणि २०१९ साली तिचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा त्या जुन्या प्रवाशाने डोळ्यांनी पाहिलेलेच लिहिले होते, हे सिद्ध झाले.

राजांच्या नौकांसाठी मात्र लेबनॉनहून देवदाराच्या वर्गातील सीडर वृक्षाचे लाकूड येई. अशा नौकांचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे खुफू राजाची नौका. १९५४ साली गिझा येथील महापिरॅमिडच्या पायथ्याशी, प्रचंड दगडी चिपांनी झाकलेल्या एका खड्ड्यात ही नौका सुटी करून ठेवलेली सापडली. तिचे वय सुमारे साडेचार हजार वर्षे. तिचे १२२४ तुकडे होते. जोडल्यानंतर तिची लांबी सुमारे ४३ मीटर भरली. या संपूर्ण नौकेच्या फळ्या धातूच्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत. फळीच्या आतल्या अंगाला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची भोके पाडून त्यांतून दोर ओवला आहे आणि सारी नौका आतून शिवून काढली आहे. दोर बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो पाण्याने घासून तुटतही नाही. लाकूड पाण्यात फुगते आणि दोर ओला झाला की आवळतो. म्हणजे नौका पाण्यात उतरली की तिचे सांधे आपोआप अधिक घट्ट होतात. साध्या तांब्याच्या हत्यारांनी काम करणाऱ्या माणसांची ही बुद्धी पाहिली म्हणजे आदर वाटल्यावाचून राहत नाही.

या नौकेची पुनर्जोडणी अहमद युसुफ मुस्तफा या इजिप्शियन तंत्रज्ञाने केली. तिला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. त्यांना जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीचा दांडगा अनुभव होता, पण नौकाबांधणीचे ज्ञान नव्हते. त्यासाठी ते नाईलकाठच्या, त्या काळी चालू असलेल्या होडीच्या कारखान्यांत गेले आणि तेथील सुतारांचे काम बघत बसले. प्राचीन सुतारांनी तुकड्यांवर, तो नौकेच्या कोणत्या भागाचा आहे हे दाखविणाऱ्या खुणा करून ठेवल्या होत्या. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची खूण आणि विसाव्या शतकातील कारागिराचा हात या दोहोंच्या साहाय्याने ती नौका पुन्हा उभी राहिली. २०२१ साली ती गिझाच्या नव्या भव्य संग्रहालयात हलविण्यात आली.

शिवलेल्या आणि खुंट्यांनी जोडलेल्या नौकेचा आणखी एक उपयोग होता. ती सुटी करता येई. तांबड्या समुद्रावर लाकूड नाही, म्हणून इजिप्तचे लोक नाईलकाठी जहाज बांधीत, ते सुटे करून वाळवंटातून वाहून नेत आणि किनाऱ्यावर पुन्हा जोडीत. तांबड्या समुद्रावरील वाडी गवासिस येथील गुहांत अशा जहाजांच्या फळ्या आणि दोरांची व्यवस्थित गुंडाळलेली वेटोळी सापडली आहेत. हत्शेपसुत राणीने इ. स. पू. पंधराव्या शतकात पुंत देशाकडे पाच जहाजे धाडली. टोपल्यांत लावलेली धुपाची झाडे जहाजांवर चढविली जात असल्याचे दृश्य देर-अल-बहारी येथील मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आहे.

हाच तांबडा समुद्र पुढे इजिप्तला आपल्या किनाऱ्याशी जोडता झाला. इ. स. च्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे प्रवासवर्णनवजा मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात भडोच, सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे आहेत, तसेच पैठण आणि तेर ही घाटावरची बाजारपेठेची गावेही आहेत. भडोचच्या खाडीतील गाळ आणि भरती-ओहोटी यांमुळे परदेशी जहाजे अडकत, म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे जात आणि त्यांना वाट दाखवून आत आणीत, असेही तो लिहितो. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या इजिप्शियन बंदराच्या उत्खननात साडेसात किलो काळी मिरी भरलेला भारतीय रांजण सापडला. त्याहून आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेथे सागवानाचे लाकूड सापडले. साग हा मूळचा आफ्रिकेतील वृक्ष नाही. जुनी जहाजे मोडून त्यांचे सागवान तेथील बांधकामात वापरले असावे, असे संशोधक मानतात. ज्या देशाने एके काळी लाकडासाठी लेबनॉनकडे हात पसरले, त्या देशाच्या किनाऱ्यावर पुढे भारताचा साग घरांच्या भिंतींत जाऊन बसला!

आता कराडकडे येऊ. कराडचे जुने नाव करहाटक किंवा करहाकड. मध्य प्रदेशातील भरहूत स्तूपाच्या दानलेखांत करहाटकाचे नाव आहे. आपल्या जवळची आगाशिवची लेणी त्याच कालखंडाच्या समृद्धीची साक्ष देतात. परंतु सर्वांत बोलका लेख आहे तो रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यांत. राजपुरी खाडीकाठच्या डोंगरातील या लेणीसमूहात एक लेणे करहाकडच्या महिक नावाच्या लोहवाणिजाने, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याने, दान दिले आहे. आमच्या गावचा एक लोखंड विकणारा मनुष्य सह्याद्री उतरून खाडीच्या काठी जातो आणि तेथे लेणे कोरवून घेण्याइतका पैसा बाळगतो, ही साधी गोष्ट नव्हे. घाटावरचे कराड आणि खाडीतील बंदर ही दोन वेगळी जगे नव्हती, हे एवढ्या एका ओळीवरून कळते. शिवाय त्या ओळीत कोणी राजा नाही. एका व्यापाऱ्याचे नाव, गाव आणि धंदा एवढेच आहे.

लोखंडाचा उल्लेख आला म्हणून नौकाबांधणीतील खिळ्याचा विचार येथेच करू. आपल्या पश्चिम समुद्रावर प्राचीन आणि मध्ययुगीन काळी काथ्याने शिवलेल्या नौका सर्रास चालत. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात तर समुद्रात जाणाऱ्या नौकेला लोखंडाचे बंध वापरू नयेत, कारण पाण्यातील चुंबकीय खडक तिला ओढून घेतील, असे सांगितले आहे. चुंबकाचे कारण आज पटण्यासारखे नाही. परंतु खाऱ्या पाण्याने लोखंड गंजते आणि वाळूवर आपटताना शिवलेली नौका फुटण्याऐवजी थोडी लवते, ही कारणे खरी होती. पुढे पोर्तुगीज आले. त्यांच्या जहाजांवर जड तोफा होत्या. तोफेचा भार आणि धक्का सोसावयाचा तर नौकेची बांधणी अधिक ताठ हवी, म्हणून खिळ्यांच्या बांधणीला महत्त्व आले. सुदैवाने आपल्याकडे साग होता. युरोपातील ओकच्या लाकडात लोखंडाला खाणारे आम्ल असते. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे त्यातील खिळा अधिक टिकतो आणि लाकूड लवकर कुजत नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर आहे.

या पार्श्वभूमीवर शिवछत्रपतींच्या आरमाराकडे पाहिले पाहिजे. १६५७ साली कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आली आणि लवकरच त्या खाडीत जहाजे बांधण्यास सुरुवात झाली. आरंभी महाराजांनी रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगिजाची आणि त्याच्या माणसांची मदत घेतली. ही जहाजे उद्या आपल्यावरच उलटतील, हे ओळखून वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना फोडले आणि ती मंडळी काम सोडून निघून गेली. पण काम थांबले नाही. याचा अर्थ उघड आहे. किनाऱ्यावरच्या आपल्या कारागिरांच्या हातात ती विद्या होती, किंवा त्यांनी ती पाहता पाहता उचलली. १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि पुढच्याच वर्षी महाराज स्वतः आरमारासह बसरूरच्या स्वारीवर गेले.

मराठ्यांची जहाजे युरोपीय जहाजांहून लहान होती, हा दोष म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, तोफा वाहणारे जहाज. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबर वल्ह्यांनी चालणारे आणि उथळ पाण्यात शिरणारे. शिबाड व मचवा हे मालवाहतुकीचे. १६७९ साली खांदेरी बेटावर मराठे किल्ला बांधू लागले, तेव्हा इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावाचून जागच्या जागी खिळून राहत आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात वल्ही मारीत बेटावर सामान पोहोचवीत. शेवटी १६८० साली इंग्रजांनीच माघार घेतली. नाईलच्या वाऱ्याने जशी तेथली होडी घडविली, तशी कोकणच्या खाड्यांनी आणि खडकांनी आपले गलबत घडविले.

सुमारे १७१५ साली रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजे फार मोठी नकोत, फार लहानही नकोत, असा त्यातील विचार आहे. पण त्याहून मला महत्त्वाचा वाटला तो लाकडाविषयीचा आदेश. सागासारखे लाकूड राज्यातील रानातून परवानगीने तोडावे, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावे. आंबा आणि फणस ही झाडे आरमाराच्या कामाची असली, तरी रयतेच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झालेले असेल, तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन ते घ्यावे, जबरदस्ती करू नये. लढाऊ जहाजासाठी लाकूड हवे असतानाही शेतकऱ्याच्या परसातील फणसाचा विचार करणारे हे राज्य होते. आरमाराची चर्चा करताना तोफांच्या संख्येबरोबर ही गोष्टही सांगितली गेली पाहिजे.

गलबत बांधण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. प्रथम तळाचा कणा मांडतात, त्याला दर्यावर्दी लोक पठाण म्हणतात. त्यावर पुढची नाळ आणि मागचा खांब उभा करतात. मग फळ्या आणि आतील वाक बसवितात. वाक म्हणजे नौकेच्या बरगड्या. त्यांसाठी सरळ लाकूड तासून वाकडे करीत नाहीत, तर मुळातच तशी वाढलेली फांदी शोधतात, म्हणजे तंतू तुटत नाहीत आणि ताकद राहते. फळीच्या काठाला खाच पाडून दुसरी फळी तिच्यात बसवितात आणि सांध्यात तेल-राळेत भिजविलेला कापूस दाबतात. हे सगळे कागदावर आराखडा न काढता. माप वाडवडिलांपासून डोळ्यांत आणि हातांत असते. सक्कारा येथील ती नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यात नौका बांधणारे सुतार कोरलेले आहेत. त्यांच्या हातातील वाकस पाहिली की ती आपल्या गावच्या सुताराच्या हातातलीच वाटते.

येथे मूळ प्रश्नाकडे परत यावे लागते. खुफू राजाच्या काळातील मेरेर नावाच्या एका नाविक मुकादमाची रोजनिशी २०१३ साली तांबड्या समुद्राजवळ वाडी अल-जर्फ येथे सापडली. पिरॅमिडसाठी तुऱ्याच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीने कसे वाहून नेले, याची नोंद त्यात आहे. एका सामान्य मुकादमाने लिहून ठेवले, म्हणून आज आपणास ते कळते. कल्याणच्या खाडीत आपली पहिली गुराब बांधणाऱ्या सुताराचे नाव मात्र आपणास कोणत्याही पुस्तकात वाचावयास मिळत नाही. मुंबईच्या गोदीत १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांचे नाव राहिले, कारण गोदीचे दप्तर होते. ज्याच्या हातात विद्या होती त्याच्या हातात लेखणी नव्हती आणि ज्याच्या हातात लेखणी होती त्याने ही विद्या लिहिण्याजोगी मानली नाही. १७५६ साली विजयदुर्गाजवळ मराठ्यांचे आरमार जळाले आणि त्या वेळी खुद्द पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे दुर्दैव सर्वांना ठाऊक आहे. पण न लिहिल्यामुळे जे हरवले, तेही कमी नाही.

हरवलेले काही अंशी परत मिळविता येते, याचे ताजे उदाहरण आहे. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजाच्या आधारे गोव्यात काथ्याने शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. आराखड्याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला, पण शिवण घातली ती केरळच्या पारंपरिक कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली. इजिप्तमध्ये अहमद युसुफना जो धडा मिळाला, तोच येथेही मिळाला. जिवंत हाताशिवाय जुने चित्र बोलत नाही.

मी ज्या घरातून महाविद्यालयात आलो, त्या घरात पुस्तके नव्हती. वाकस, पटाशी, करवत आणि सामता होता. पहिल्या वर्षी मला वाटे की ज्ञान म्हणजे ग्रंथालयात असते ते. या विषयाचे वाचन केल्यावर मात्र वाटते की आपण दोन्हींच्या मध्ये उभे आहोत आणि म्हणूनच आपल्यावर एक जबाबदारी आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी सुतार, लोहार, कुंभार, भोई, गुऱ्हाळावरचे गुळवे यांची विद्या अजून जिवंत आहे. कोकणातील बंदरांवर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत आणि आपल्याकडील बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. ती प्रगती थांबविण्याचे कारण नाही. परंतु वस्तू जाण्यापूर्वी तिचे नाव, तिचे माप आणि ती करण्याची रीत लिहून ठेवणे आपल्या हाती आहे. दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येकाने एका कारागिराजवळ बसून त्याच्या हत्यारांचे व कामाचे शब्द एका वहीत टिपले, तर आपल्या महाविद्यालयाचा तो फार मोलाचा संग्रह होईल. अध्यापकांनी या कामी मार्गदर्शन करावे, अशी नम्र विनंती आहे.

करहाकडच्या महिकाने आपले नाव, गाव आणि धंदा दगडावर कोरून घेतला, म्हणून दोन हजार वर्षांनी तो आपणास भेटला. आपल्याला दगडाची गरज नाही. वही पुरेशी आहे.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)